देवळालीचा ताप आणि छावणीतलं हसू

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी पेणच्या रामवाडीला एकदा उभं राहून पाहावं. महामार्गावर गाड्यांची रांग हलायला तयार नसते, वरून पावसाची रिपरिप चालू असते आणि स्टँडवर मुंबईहून निघालेले चाकरमानी पिशव्यांवर बसून ताटकळलेले असतात. रोह्याला जायचं, माणगावला जायचं, महाडला जायचं, आणि पुढचं काहीच आपल्या हातात नाही. मागच्या गणपतीत अशाच गर्दीत एका तरुणाने नक्कल सुरू केली. त्याने कानाला मोबाइल लावला आणि तोंडावर पूर्ण खात्री आणून म्हणाला, "हो हो, पोहोचलोच! रामवाडी सोडली ना मगाशीच!" आजूबाजूच्या प्रत्येकाने गेल्या तीन तासांत घरी हेच सांगितलं होतं. आधी दोघं हसले, मग सगळा स्टँड हसला. गाडी आली नव्हती, पाऊस थांबला नव्हता. पण पाच मिनिटं कुणी कुणावर खेकसलं नाही.

वाट पाहणारी माणसं नकला का करतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. त्याचा माग काढत गेलं की आपल्याच राज्यातल्या एका गावात जाऊन पोहोचायला होतं. ते गाव म्हणजे नाशिकजवळची देवळाली.

देवळालीची लष्करी छावणी १८६१ पासूनची. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे सैनिक तिथे जमा व्हायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहायचे. सैन्य नेणारी जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात निघत. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये संपली तर त्याला पुढच्या हंगामापर्यंत तिथेच थांबायचं. कवायत नाही, मोहीम नाही, घर दिसत नाही. उन्हाळा, माश्या, स्वस्त दारू आणि मोकळा वेळ. माणसं आतून कुजत गेली, काही खरोखर भ्रमिष्ट झाली. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या ब्रिटिश शिपायाने १९३६ साली लिहिलेल्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या पुस्तकात ही अवस्था तपशिलाने नोंदवली आहे. तिचं शिपाईबोलीतलं नाव होतं 'डूलाली टॅप'. यातला डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. 'त्याला देवळालीचा ताप चढलाय' असं कुणी गोरा शिपाई म्हणायचा, तेव्हा तो नकळत जवळजवळ मराठीच बोलत असायचा. 'टॅप' पुढे गळून पडला, पण वेडापिसा या अर्थाने 'डूलाली' हा शब्द आजही इंग्लंडात रोजच्या बोलण्यात आहे. तो वापरणाऱ्या बहुतेकांना ते नाशिक जिल्ह्यातलं एक गाव आहे याची कल्पना नसते.

याच देवळालीत दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जिमी पेरी नावाचा विशी ओलांडलेला एक तोफची येऊन पडला. सोंगं काढायची हौस असलेला हा पोरगा छावणीतल्या तोफखान्याच्या करमणूक पथकात शिरला. ब्रिटिश सैन्यात तेव्हा अशी पथकं जागोजागी होती. 'एन्सा' ही करमणूक संस्था १९३९ मध्येच उभी राहिली होती. ती नामवंत कलावंतांना आघाडीवर पाठवायची, आणि व्हेरा लिन ही गायिका १९४४ मध्ये थेट ब्रह्मदेशच्या आघाडीपर्यंत जाऊन गायली होती. छावण्यांमधली पथकं मात्र घरगुती मामला. दिवसा हुकूम झेलणारे शिपाई संध्याकाळी ओठ रंगवून, लुगड्याऐवजी झगा घालून मंचावर उभे राहायचे. पेरींचे पुढचे सहलेखक डेव्हिड क्रॉफ्ट हेही युद्धकाळात इकडेच, पुण्यात, सैन्याच्या करमणुकीची व्यवस्था पाहत होते. तीस वर्षांनी या दोघांनी त्या दिवसांवर बीबीसीसाठी मालिका लिहिली. 'इट एन्ट हाफ हॉट मम' हे तिचं नाव, म्हणजे 'आई गं, काय उकडतंय इथं'. छावणीतल्या एका पोराने घरी लिहिलेल्या पत्रातलं हे वाक्य. ३ जानेवारी १९७४ ला सुरू झालेली ही मालिका १९८१ पर्यंत चालली आणि तिचे ५६ भाग झाले. पहिल्या चार पर्वांचं गाव देवळाली, नंतर पथक ब्रह्मदेशात जातं. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडातच.

मालिकेतली फजिती एका साध्या भीतीवर उभी आहे. या पोरांना जंगलात लढायला जायचं नाही. जोवर नाटकं चालू आहेत तोवर ती देवळालीत सुरक्षित आहेत. म्हणून प्रयोग पडता कामा नये. आणि प्रयोग तर सारखा पडतोच! पडदा अडकतो, पाहुणे अधिकारी भलत्याच वेळी येतात, झगा घालून नाचणारा बॉम्बार्डियर, ज्याला सगळे 'ग्लोरिया' म्हणतात, हातघाईच्या क्षणी कोसळून रडायला लागतो. पार्किन नावाचा एक कोवळा शिपाई गाता येत नाही, नाचता येत नाही तरी पथकात घुसायला पाहतो. अखेर त्याला प्रॉम्प्टरची जागा मिळते, आणि तीही त्याला धड जमत नाही. या सगळ्यांच्या डोक्यावर सार्जंट मेजर विल्यम्स. सैन्यात असली थेरं चालतात याचीच त्याला लाज वाटते, आणि एकेकाला उचलून आघाडीवर कसं धाडता येईल हाच त्याचा ध्यास. फक्त पार्किनसमोर तो विरघळतो, कारण हा आपलाच मुलगा आहे अशी त्याची समजूत झालेली असते. वरचे दोन अधिकारी नाटकवेडे, ते पथकाला पाठीशी घालतात. बुटका 'लॉफ्टी' मात्र तोंड उघडतो तेव्हा त्याचा आवाज असा लागतो की हसणारे गप्प होतात. विंडसर डेव्हिस आणि डॉन एस्टेल, म्हणजे हाच सार्जंट मेजर आणि हाच लॉफ्टी, यांनी मिळून गायलेलं एक जुनं गाणं १९७५ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं.

हे नुसतं विनोदी कथानक म्हणून सोडून देऊ नये, असं मला वाटतं. कामचुकारांची गंमत म्हणून त्याच्याकडे पाहणं सोपं आहे. पण ज्याच्या जगण्यामरण्याचा निर्णय दुसरा कुणी कागदावर सही करून घेतो, त्याच्याजवळ उरतं काय? सोंग उरतं. मंचावर तो सार्जंटची चाल चालून दाखवतो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सार्जंटला ते पाहावं लागतं. छावणीत तेवढा अर्धा तास असा असतो की दरारा खुर्चीत बसतो आणि भीती उभी राहून बोलते.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तमाशातला सोंगाड्या दुसरं काय करतो? पुढे पाटील बसलेला असतो आणि सोंगाड्या बतावणीत त्याचीच पगडी उडवतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांचा हवालदार लोकांनी डोक्यावर घेतला तो याच जोरावर. शिपायांच्या मुक्कामावर नाचगाणं होणं हेही आपल्याला नवं नाही, पेशवाईतल्या फौजांबरोबर ते हिंडलेलं आहे. आणि झगा घातलेला पुरुष? सार्जंट मेजरला जे पाहून शिसारी येते, त्यावर आपली अख्खी संगीत रंगभूमी उभी राहिली. नारायण राजहंस स्त्री-भूमिकेत उभे राहिले की घरंदाज बायका त्यांच्या शालूची, नथीची नक्कल करायच्या. फडातला नाच्या, शिमग्यात लुगडं नेसून दारोदार नाचणारा गोमू, हे कोकणातल्या पोरासोरांच्या ओळखीचे. देवळालीच्या त्या मंचाजवळून एखादा मराठी गाडीवान रात्री गेला असेल, तर आत काय चाललंय हे त्याला एका नजरेत कळलं असणार.

आणि इथेच माझी खरी तक्रार सुरू होते. तो गाडीवान त्या गोष्टीत कुठे आहे?

मालिकेत हिंदी माणसं आहेत, नाही असं नाही. रंगी राम हा बेअरर, मुहम्मद हा चहावाला, रमझान हा पंखेवाला. त्यातला पंखेवाला मला फार आवडतो. तो व्हरांड्यात बसून पायाने दोरी ओढत असतो आणि चाललेल्या प्रत्येक मूर्खपणावर हळूच एखादं शहाणं वाक्य टाकतो. त्याचं कुणी ऐकत नाही. हा सोंगाड्याच आहे. लेखकांना त्याची जागा बरोबर सापडली होती, पण त्यांनी त्याला मंचावर घेतलं नाही, व्हरांड्यातच ठेवलं. रंगी राम तर स्वतःला इंग्रजच समजतो, 'आपण ब्रिटिश' अशा भाषेत बोलतो, आणि प्रेक्षकांनी हसायचं ते त्यालाच. ही भूमिका केली मायकेल बेट्स यांनी, तोंडाला तपकिरी रंग फासून. बेट्स यांचा जन्म १९२० चा, झाशीचा. लहानपणापासून हिंदुस्थानी बोलणारा, युद्धात ब्रह्मदेशात गुरख्यांबरोबर लढलेला माणूस. त्यांच्या मनात या देशाविषयी हेटाळणी असेल असं मी म्हणणार नाही. त्या वयाचा आणि अनुभवाचा हिंदी नट तेव्हा ब्रिटनमध्ये मिळाला नाही, असं लेखकांचं म्हणणं होतं. पण सईद जाफरी त्या काळात लंडनमध्येच काम करत होते. शोधलं असतं तर कुणीतरी सापडलं असतं.

या मालिकेचं पुनःप्रसारण बीबीसीने कित्येक वर्षांपासून थांबवलं आहे. त्यावर तिकडे वाद होतात. एक बाजू म्हणते, तेव्हा असंच होतं, आम्ही पाहिलेलं लिहिलं, यात दुखावण्यासारखं काय आहे? पेरी २०१६ मध्ये वारले, तोवर ही आपली सर्वांत विनोदी मालिका आहे या मतावर ते ठाम होते. दुसरी बाजू म्हणते, काळ्या माणसांचा आणि बायकी पुरुषांचा असा पाणउतारा आता दाखवायला नको. मला दोन्हींपैकी एकही बाजू पुरेशी वाटत नाही. मालिका पेटीत बंद केल्याने देवळालीच्या चहावाल्याला काय मिळालं? आणि 'तेव्हा असंच होतं' असं म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा : कुणाला असं दिसत होतं?

पंखेवाल्याचंच घ्या. गोऱ्या बराकींतल्या पंखेवाल्याला रात्री डुलकी लागली, पंखा थांबला, उकाड्याने चिडलेल्या साहेबाने उठून लाथ घातली आणि माणूस मेला, अशी प्रकरणं एकोणिसाव्या शतकात पुन्हा पुन्हा कोर्टात गेली. बचाव ठरलेला असायचा : हिवतापाने याची प्लीहा आधीच सुजली होती, ती जरा धक्क्याने फुटली. मग किरकोळ दंड, नाहीतर निर्दोष सुटका. व्हाइसरॉय कर्झनलासुद्धा गोऱ्या शिपायांच्या या वागण्याची आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या न्यायाची लाज वाटली होती. हेही 'तेव्हा असंच होतं' यातच येतं. पेरींनी खोटं लिहिलं असं मुळीच नाही. ते मंचावर उभे होते आणि मंचावरून जे दिसतं ते त्यांनी इमानाने लिहिलं. दिव्यांच्या उजेडात उभ्या असलेल्याला अंधारातला माणूस दिसत नाही.

त्या उजेडातल्या माणसांचं दुःखही खोटं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. इंग्रजी विनोदाला उलटापालटा करून टाकणारा स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये आपल्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जन्मला. त्याचे वडील तोफखान्यात नोकरी करून छावण्यांमधल्या मंचांवर नाचगाण्याचे कार्यक्रम करायचे. बालपण पुण्यात गेलेला हा मुलगा दुसऱ्या महायुद्धात स्वतः तोफची झाला. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत, कसीनोच्या लढाईच्या काळात, तोफगोळ्याच्या स्फोटात तो जखमी झाला आणि मनाने कोलमडला. लढायला निकामी ठरल्यावर सैन्याच्या करमणुकीकडे वळला. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या 'गून शो'मध्ये सतत स्फोट होतात आणि अधिकारी सतत मूर्ख असतात, ते काही उगाच नाही. हसवणं हा त्याच्यासाठी औषधोपचार होता, आणि तो आयुष्यभर पुरा पडला नाही.

आता त्याच इटलीत, त्याच वर्षी, आपल्या रायगडचा एक मुलगा होता. यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतला नाईक, वय बावीस. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्याची तुकडी पडली, तेव्हा तो एकटा त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब फेकला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि ती जागा घेऊन तिथेच गोळी लागून मेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्याचा पुतळा आहे, आणि त्याच्यासमोरून जाताना आजही माझी मान खाली झुकते. पण पुतळ्याकडे पाहताना एक वेगळंच कुतूहल मनात येतं. त्या तुकडीत नकला कोण करायचं? गोऱ्या साहेबांची, रेशनच्या डाळीची, इटलीच्या थंडीची टिंगल कोण करायचं? बावीस वर्षांची कोकणातली आणि घाटावरची पोरं वर्ष वर्ष परमुलखात एकत्र राहिली आणि त्यांच्यात एकही सोंगाड्या निपजला नाही, हे कुणीही सांगितलं तरी मी मानणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढलं होतं. या शिपायांच्या करमणुकीसाठी 'फौजी दिलखुश सभा' नावाची संस्थाही होती. तिची पथकं आघाडीमागे फिरून गाणी, नाच, सोंगं करायची. म्हणजे देवळालीतल्या पोरांना जुळे भाऊ होते. त्यांच्यावर मालिका सोडाच, आपल्याकडे एक धड नाटक नाही. मराठीत सैन्यातल्या जगण्यावर विनोदबुद्धीने लिहिणारा माणूस म्हटला की मला एकच नाव पटकन आठवतं, कॅप्टन गो. गं. लिमये आणि त्यांचं 'सैन्यातील आठवणी'. पण ते डॉक्टर होते, अधिकारी होते. दाखल होताना अंगठा उठवणारा शिपाई हसला कशावर, हे त्यांच्यापर्यंत पोहोचायला मधे दोन-तीन हुद्दे होते.

आपण शूर शिपाई जपला. हसणारा शिपाई जपला नाही. त्याचं कारण मला वाटतं ते असं, की गावातल्या शिपायाकडे आपण मानाने पाहतो, आणि मान देताना माणसाला ताठ उभं करतो. पदकं काचेत लावली, फोटोला हार घातला. तो पेन्शनीत निघाल्यावर पारावर बसून कर्नलच्या चालण्याची जी नक्कल करायचा, ती हलकी वाटली म्हणून सोडून दिली. इंग्रजांनी नेमकं उलटं केलं. नवल एवढंच, की त्या नकलांतून त्यांचे शिपाई आज आपल्यालाही जवळचे वाटतात, आणि आपले आपल्याला पुतळ्यातच भेटतात.

वाट पाहणं फार लांबलं की नकला पुरत नाहीत, हेही त्याच काळाने दाखवलं. युद्ध संपल्यावरही घरी सोडत नाहीत म्हणून जानेवारी १९४६ मध्ये कराचीपासून सुरुवात करून ब्रिटिश हवाई दलाचे जवान ठिकठिकाणी संपावर गेले. महिन्याभरात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' तळावरच्या हिंदी नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांवरून काम थांबवलं. ७८ जहाजं आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले, मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून जास्त माणसं गोळीबारात गेली. गोऱ्यांच्या संपाकडे सरकारने बहुतांशी वाटाघाटीने पाहिलं, आपल्यांच्या उठावाकडे बंदुकीने. तेच रिकामपण, तोच वैताग, पण दोघांच्या थांबण्याची किंमत वेगळी होती. पेरींच्या पथकाची कथा याच्या जेमतेम आधीच्या काळात घडते. देवळालीला खेटून भगूर आहे, सावरकरांचं जन्मगाव. छावणीच्या कुंपणाबाहेर देश उकळत होता, आणि कुंपणाच्या आत उकाड्याची पत्रं लिहिली जात होती.

मालिकेचा प्रत्येक भाग संपताना एक छोटी गोष्ट घडते, आणि मला ती सगळ्या मालिकेत सर्वांत खरी वाटते. नावं सरकत जातात आणि चहावाला मुहम्मद, म्हणजे ढाक्याला जन्मलेले दीनो शफीक, आपल्या सुरात 'लँड ऑफ होप अँड ग्लोरी' हे इंग्रजांचं अभिमानगीत गायला लागतो. तेवढ्यात पडद्याआडून सार्जंट मेजरची गर्जना येते, 'शट अप!' आणि गाणं तिथेच तुटतं. तो पुढे काय गायला असता, स्वतःचं कुठलं गाणं गायला असता, ते ५६ भागांत एकदाही ऐकू येत नाही.

आमच्या लहानपणी शिमग्याच्या सोंगांत एक साहेब हमखास असायचा. तोंडाला तांदळाचं पीठ चोपडलेलं, डोक्यावर फुटकी हॅट, कोळशाची मिशी, काखेत वेताची छडी. 'यू डॅम, यू फूल, लेफ्ट राइट' एवढ्या भांडवलावर तो अंगणाअंगणात हुकूम सोडायचा आणि प्रत्येक वेळी त्याचं धोतर सुटायचं. मायकेल बेट्सनी तपकिरी रंग लावला, आमच्या साहेबाने पांढरं पीठ लावलं. दिसायला एकच युक्ती. पण लंडनच्या त्या हसण्यात रंगी रामला उत्तर द्यायची सोय नव्हती, आणि आमच्या अंगणातलं हसू त्या माणसांचं होतं ज्यांचे आजे-पणजे खऱ्या साहेबापुढे उभे राहून कधी हसू शकले नव्हते. पीठ लावणारी ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत आणि नौदलात गेलेल्या घरांतलीच होती. वेताची छडी काखेत नेमकी कशी धरतात, टाच आपटून कसं वळतात, हे त्यांनी कुणाकडून उचललं असेल?

अशा घरांत लोखंडी ट्रंका अजून आहेत. त्यांतल्या पगारपत्रकांचे आणि पदकांचे फोटो नातवंडं हौसेने काढतात. त्याच वेळी घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाला विचारायला हवं, तुमचे बाबा फौजेतून सुट्टीवर आले की रात्री कुणाची नक्कल करून दाखवायचे? मी माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंना हे विचारलं. त्या आधी लाजल्या. मग पदर सावरून खुर्चीतून उठल्या, पोट पुढे काढलं, पाठीमागे हात बांधले आणि ओटीवर चार पावलं चालून दाखवली.